पट्टीबाईंची रेघ

पट्टीबाईंना कशाचीच भीती वाटत नाही, असं त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणत. म्हणायला कुणाचं काय जातं! बाईंचा चेहरा मुळातच इस्त्री केल्यासारखा. आत काय चाललंय ते बाहेर कळायची सोय नव्हती. खरं तर नऊ वर्षं त्या रोज घाबरत आल्या होत्या. यंत्राच्या पडद्यावर एखाद्या लेकराची रेघ वर चढायला लागेपर्यंत जी दीड-दोन मिनिटं जात, तेवढा वेळ त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. बरं, ही लेकरं त्यांच्या ना नात्याची ना गोत्याची. बाईंनी त्यातलं एकही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. यायचं ते त्यांचं रक्त, हिरव्या झाकणाच्या नळीतून.

ही रेघ कसली, ते आधी सांगायला हवं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्या जंतूंशी लढतात, एवढं आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं असतं. पण पेशी नुसत्या असून भागत नाही, त्यांना जाग यावी लागते. प्रत्येक पेशीच्या पोटात कॅल्शियमचा थोडासा साठा असतो. जंतू आल्याची वर्दी मिळाली की पेशी आधी तो साठा मोकळा करते. आतलं भांडं रिकामं झालं की तिच्या कातडीतली बारीक बारीक दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत धावत येतं. ते आलं की पेशी खडबडून जागी होते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होते आणि कामाला लागते. आता समजा ही दारंच उघडली नाहीत, तर? पेशी मोजायला जा, भरपूर. रिपोर्ट बघा, छान. आणि लेकरू मात्र साध्या सर्दीने हातचं जायला निघालेलं.

दारं बिघडलेली बाळं फार थोडी, म्हणून दारं तपासणारी माणसंही थोडी. बाईंची खोली एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईघराच्या शेजारी होती, आणि लांबलांबच्या दवाखान्यांतून नळ्या तिथे येत. बाई रक्त फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढत. कॅल्शियम भेटलं की चमकणारा एक रंग त्यांना पाजत. मग औषध घालून पेशींच्या पोटातला साठा रिता करत आणि शेवटी बाहेरून कॅल्शियमचे थेंब सोडत. दारं उघडली तर पेशी चमकायच्या आणि पडद्यावरची रेघ वर चढायची. नाही उघडली तर रेघ आडवीच.

पण चढली म्हणजे किती चढली, हे ठरवायला शेजारी एका धडधाकट माणसाची रेघ काढावी लागते. त्या रेघेच्या निम्म्याच्या वर बाळाची रेघ गेली तर बाळ पास, असा तिथला नियम. आणि हा धडधाकट माणूस म्हणजे नेहमी बाईच. पहिल्याच महिन्यात कुणी दुसरं मिळेना म्हणून त्यांनी बाही वर केली, आणि ती वर राहिली ती राहिलीच. शीर ठसठशीत, प्रकृती खणखणीत, आणि रोज वेळेवर हजर. नऊ वर्षांत दोनदा आजारी पडल्या, तेव्हा चाचणीच पुढे ढकलली. "बाई, तुमची रेघ म्हणजे आमची फूटपट्टी," असं तिथले मोठे डॉक्टर एकदा म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंचं नाव पट्टीबाई पडलं. बाई वरवर नाक मुरडायच्या, पण नाव त्यांना मनातून आवडायचं. एखाद्याच्या अंगावर दागिने असतात, यांच्या अंगात पट्टी होती.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती आणि कुणालाच खटकत नव्हती. निरोगी बाळांच्या रेघा बाईंच्या रेघेच्या पार वर, कधी कधी थेट दुप्पट जायच्या. "कोवळ्या पेशी, दम जास्त," असं मोठे डॉक्टर म्हणत. मोठ्या डॉक्टरांनीच म्हटल्यावर बाकीच्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला जिन्यात धाप लागते आणि पोर उड्या मारत जातं, तसंच असेल, असं बाईंनीही धरून टाकलं.

बाईंना एकुलता एक मुलगा, तो कारखान्यात वीजतंत्री. सून शाळेत गणित शिकवणारी, जिभेने चुरचुरीत. "आई आज किती रेघोट्या ओढून आल्या?" हा तिचा रोजचा प्रश्न. आणि पाच महिन्यांची नात, तिला घरात मुंगी म्हणत, कारण ती जन्मली तेव्हा खरंच मुंगीएवढी होती आणि पुढेही फारशी वाढायचं नाव घेईना. दुसऱ्या महिन्यात तोंडात पांढरा थर धरला, तो औषधाने जायचा आणि परत यायचा. खोकला गेला असं म्हणेपर्यंत हजर. पाच महिने झाले तरी मान धड सावरत नव्हती. बाळांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी मोजल्या आणि म्हणाले, पेशी तर उत्तम आहेत, काळजीचं कारण नाही.

ते वाक्य बाईंच्या ओळखीचं होतं. पेशी उत्तम असलेलीच बाळं त्यांच्याकडे येत होती. मान न धरणारी, खोकला न जाणारी, पेशी उत्तम असलेली.

घरच्या माणसाची तपासणी स्वतः करू नये, हा शिरस्ता त्यांना ठाऊक होता. पण दुसऱ्या ठिकाणी नंबर लागायला दीड महिना. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही करा, मी शेजारी बसतो." त्यांनी नेहमीसारखं आपलं रक्त काढून दिलं, दोन्ही नळ्या फिरवल्या, रंग घातला, चाळीस मिनिटं थांबल्या. कॅल्शियमचे थेंब सोडले. बाईंची रेघ चढली, नेहमीच्या जागी जाऊन थांबली. मुंगीची रेघ जराशी अडखळली, चढली, आणि बाईंच्या रेघेच्या खालीच थबकली.

"साठ टक्के," डॉक्टर म्हणाले. "निम्म्याच्या वर आहे. पास."

"बाळांची एवढी खाली राहत नाही सहसा."

"अहो, आजारी लेकरू आहे, दमलेल्या पेशी आहेत. निम्म्याच्या वर म्हणजे वर."

बाईंनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना डोलवायचीच होती. ज्या बाईने दुसऱ्याच्या लेकराच्या रिपोर्टवर तीनदा बोट ठेवून विचारलं असतं, तिने नातीच्या रिपोर्टवर एकदाच विचारलं आणि मिळालेलं उत्तर पदरात बांधून घेतलं.

घरी सून दारातच उभी होती. "आई, तुम्ही स्वतः बघितलंत ना?"

"हो. स्वतः बघितलं."

"मग झालं तर," असं म्हणून ती मटकन खाली बसली आणि रडली. रडता रडता हसायलाही लागली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात नुसती वर्दळ. इतके दिवस सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थोपवलेलं, आता दार सताड उघडं. सुनेच्या माहेरची माणसं आली, मुलाचे मित्र आले, शेजारीपाजारी आले. जो येईल त्याच्या मांडीवर मुंगी. कुणी गालगुच्चा घेतला, कुणी पापा. सुनेने तिला शाळेत शिक्षकांच्या खोलीतसुद्धा मिरवून आणली. चौथ्या आठवड्यात मुंगीला खोकला लागला, आणि यावेळी तो छातीत घुसला. तिच्यापाठोपाठ बाईंचं नाक वाहायला लागलं.

आता खरी गोष्ट इथे आहे. बाई नाक पुसत कामावर गेल्या, तर लांबून एका बाळाची नळी आलेली. बाळ अत्यवस्थ, चाचणी ढकलायची सोय नाही. आणि सर्दी झालेल्या माणसाचं रक्त शेजारी ठेवून चालत नाही. मग धरलं काचवाल्यांना. काचवाले म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ. आयुष्य रक्ताच्या नळ्यांत गेलं, पण सुई बघून गडी गारठला.

"माझ्या रक्तात काय सापडणार, बाई? निम्मा चहा, निम्मा साबण."

"चहाच मोजायचाय. तिकडे बघा, खिडकीबाहेर."

रक्त निघालं. दुपारी दोनच्या सुमाराला बाईंनी थेंब सोडले आणि पडद्याकडे बघत राहिल्या. लांबच्या बाळाची रेघ झरझर वर गेली. ते पोर सुटलं. मग काचवाल्यांची रेघ निघाली. बाईंची रेघ जिथे थांबायची तिथे ती आली, आणि थांबली नाही. ती चढतच गेली, आणि बाळाच्या रेघेला जाऊन टेकली.

"बघा, चहाचा गुण!" काचवाले खूश झाले.

बाई हसल्या नाहीत. कोवळ्या पेशी म्हणावं तर हा माणूस पंचावन्नचा, दोन जिने चढला तर भिंत धरून उभा राहणारा. यंत्र बिघडलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. यंत्र पुन्हा जुळवून पाहिलं, ठीक होतं. भांडारातल्या कारकुनाला बोलावून त्याचं रक्त काढलं. त्याचीही रेघ वर, काचवाल्यांच्या बरोबरीने. मग बाईंनी दाराला आतून कडी घातली, स्वतःची बाही वर केली आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं रक्त काढलं. सर्दी असली तर असू दे. गेल्या नऊ वर्षांचे कागद कपाटात होते आणि त्यांतल्या प्रत्येक कागदावर बाईंची रेघ एकाच जागी थांबलेली होती. आजही ती तिथेच थांबली, काचवाल्यांच्या बरोबर निम्म्यावर.

पट्टीच अर्धी होती. अर्ध्या पट्टीने नऊ वर्षं लोकांची लेकरं मोजली होती, आणि आपलंही.

कपाटातले कागद काढून बाई जमिनीवर बसल्या. ज्यांची रेघ बाईंच्या रेघेच्या निम्म्याच्या वर, पण बाईंच्या रेघेच्या खालीच राहिली होती आणि ज्यांना पास म्हणून घरी पाठवलं होतं, ती बाळं त्यांनी वेगळी काढली. मुंगी धरून सतरा निघाली. बाईंनी पुन्हा मोजली. सतराच.

मोठे डॉक्टर आले तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढे काचवाल्यांची, कारकुनाची आणि आपली अशा तीन रेघांचा कागद धरला. डॉक्टरांनी कागद उजेडात धरून तिन्ही रेघा पाहिल्या.

"तुम्हाला तर काहीच होत नाही, बाई. ठणठणीत आहात."

"दारं बनवायची कृती आपल्याला दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझी एक बिघडलेली असणार. एका कृतीवर माझं निभावलं. मुलाला मी बिघडलेली दिली असेल. सुनेकडेही तशी एखादी असेल, तर मुंगीकडे दोन्ही बिघडलेल्याच." बाई एका दमात बोलल्या. हे सगळं त्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलींना शिकवताना सांगायच्या, अगदी याच शब्दांत.

डॉक्टर खुर्चीत बसले. "माझी चूक आहे ही. मी सही करत होतो."

"सह्यांचं नंतर बघा. आधी या सोळांना फोन लावा. मुंगीचं रक्त मी उद्या आणते."

घरी निघताना बाईंनी मास्क घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या घरी जायची भीती वाटत होती. रस्ताभर त्या वाक्यं जुळवत होत्या आणि एकही वाक्य दुसऱ्या वळणापर्यंत टिकत नव्हतं. सुनेला काय सांगायचं? तुझ्या मुलीच्या पेशी झोपलेल्या आहेत, आणि ते ज्या मापाने मोजलं ते माप म्हणजे मी? मुलगा काय म्हणेल याची त्यांना एवढी धास्ती नव्हती; तो गप्प बसेल हे ठाऊक होतं. सून विचारणार. तिला विचारता येतं.

दिवेलागणीची वेळ होती. सून जेवणाच्या टेबलाशी पेपर तपासत बसली होती, मांडीवर मुंगी, हातात लाल पेन. मुंगीची छाती श्वासागणिक घरघरत होती. बाई दारातच थांबल्या.

"आत या ना, आई. आणि हे तोंडाला काय लावलंय?"

"मी इथेच बरी. मला सर्दी आहे." बाईंनी चौकट धरली. "मुंगीचा तो रिपोर्ट..."

"साठ मार्क मिळाले होते आमच्या बाईसाहेबांना," सून मुंगीच्या टाळूवरून बोट फिरवत म्हणाली. "काठावर, पण पास."

"शंभरापैकी साठ नव्हते ते. मला वाटलं पट्टी शंभराची आहे. पट्टी पन्नासाची होती. माझी रेघच अर्धी आहे, आज कळलं."

बाईंना वाटलं आता समजावून सांगावं लागेल. पण गणिताची बाई ती. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं आणि त्याखाली लाल ठिपका पसरत गेला.

"पन्नासाचे साठ टक्के," सून हळू आवाजात म्हणाली. "तीस."

बाईंनी मान डोलावली.

"नापास."

"उद्या परत बघायचंय. पण बहुतेक हो."

मुंगी खोकली. सुनेने तिला उचलून छातीशी घेतलं आणि उभी राहिली. "तीन आठवडे मी तिला ज्याच्या त्याच्या मांडीवर दिली. मी शाळेत नेली तिला. तुम्ही सांगितलंत म्हणून नेली, आई."

"हो."

"तुम्ही स्वतः बघितलं म्हणालात!"

"बघितलं होतं. चुकीचं बघितलं." बाई म्हणाल्या. "मला शंका आली होती गं. एकदा बोलले आणि गप्प बसले. मला पास हवी होती ती."

सून येरझारा घालत होती, मुंगीला थोपटत होती, आणि बाई चौकट धरून तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. नऊ वर्षांत त्या पडद्यासमोर इतक्या घाबरल्या नव्हत्या.

"उद्या कोण बघणार?" सुनेने शेवटी विचारलं.

"मोठे डॉक्टर बघतील. मी नाही हात लावणार. मी कुणाला तरी..."

"नाही. तुम्हीच बघा." सून थांबली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र वर्गात बोलल्यासारखा कोरडा होता. "तुमच्याइतकं ते कुणाला येत नाही. फक्त शेजारी तुमचं रक्त ठेवू नका."

बाई बहिणीकडे झोपायला गेल्या. झोप कसली, नुसतं पडायचं म्हणून पडल्या.

सकाळी सूनच मुंगीला घेऊन आली. नळी हिरव्या झाकणाची आहे ना, हे बाईंनी दोनदा पाहिलं. शेजारी ठेवायला यावेळी तिघांचं रक्त काढलं: काचवाल्यांचं, कारकुनाचं आणि खुद्द मोठ्या डॉक्टरांचं. काचवाल्यांनी आज खिडकीबाहेर पाहिलं नाही आणि चहाचं नावही काढलं नाही. बाईंनी मास्कवर मास्क चढवला, हातमोजे दोनदा बदलले. चाळीस मिनिटं त्या खुर्चीत बसून राहिल्या. मनातल्या मनात बाई त्या दारांना विनवत होत्या. उघडा गं. एकदा उघडा, मी परत कधी काही मागणार नाही. शिकलेली बाई, तीस वर्षं शास्त्रात घालवलेली, पण त्या चाळीस मिनिटांत तिला दुसरं काही सुचलं नाही.

थेंब सोडले. तीन रेघा एकामागोमाग वर गेल्या, जवळजवळ एकीला एक चिकटून. चौथी थोडी उचलली गेली आणि तिथेच पडून राहिली. बाईंनी नेहमीपेक्षा पाच मिनिटं जास्त वाट पाहिली. मोठे डॉक्टर म्हणाले, "पुरे, बाई." मग बाईंनी आकडा लिहिला: अठ्ठावीस. खाली सही केली, आणि सही अगदी सरळ आली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बाहेरच्या बाकावर सून मुंगीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगाही कारखान्यातून परस्पर आला होता आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभा होता.

"अठ्ठावीस," बाई चार हात लांबूनच म्हणाल्या.

मुलाने डोळे मिटले. सुनेने फक्त मान हलवली. मोठ्या डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. मुंगीला आजच्या आज वरच्या मजल्यावरच्या स्वच्छ खोलीत ठेवायचं, छातीतला संसर्ग आधी आटोक्यात आणायचा, मग तिला नव्या पेशी देण्यासाठी कुणाची तरी अस्थिमज्जा जुळते का ते बघायचं. तिचं वय लहान आहे, अजून वेळ गेलेली नाही. गेलेली नाही, हे त्यांनी दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बाईंना जास्तच भीती वाटली.

वरून परिचारिका कागद घेऊन आली. आईची सही हवी होती. सूनबाई उठली, आणि पेन घेण्यासाठी हात मोकळा करायला तिने सवयीने मुंगीला सासूबाईंच्या पुढे धरलं. पाच महिने ती असंच करत आली होती.

मुंगीने बाईंचे डोळे ओळखले. तोंडातला पांढरा थर दिसेल एवढं मोठं हसू तिच्या चेहऱ्यावर पसरलं.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मागे सरकल्या. पाठ भिंतीला लागली तरी त्या सरकतच होत्या.

"मला नको देऊस," त्या म्हणाल्या. "मला सर्दी आहे गं. मला नको."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग मुंगीला नवऱ्याच्या हातात दिलं, सही केली आणि तिला परत घेऊन ती जिना चढायला लागली. आईच्या खांद्यावर लटपटत्या मानेने मुंगी मागे बघत होती आणि अजून हसत होती. बाईही तिच्याकडे बघून हसल्या, पण तोंडावर दोन मास्क होते, त्यामुळे ते तिला दिसलं नाही.